द्वितीय क्रमांकाचा दरवाजा

५ जानेवारी

मोताळ्याच्या कृषी केंद्रवाल्यानं यंदाही डायरी दिली. दरवर्षी ती कोरीच पडून राहते आणि डिसेंबर आला की अनुपमा तिची पानं फाडून त्यात मेथीचं बी बांधून ठेवते. यंदा मी ती तिच्या हाती लागू दिली नाही. कारण असं, की मुख्याध्यापक उकंडराव सरांनी शाळेचा वार्षिक अहवाल लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं आहे. अहवालात जे लिहायचं असतं ते मी लिहीनच, तीस वर्षं मराठी शिकवतो आहे. जे अहवालात लिहिता येत नाही ते इथं लिहीन.

सुरुवात मात्र आनंदाची आहे. काल स्नेहसंमेलन झालं आणि मी लिहून बसवलेलं 'गड झुकत नाही' हे नाटक गाजलं. तिसऱ्या प्रवेशात शत्रू गडाचा दरवाजा फोडायला येतो. दरवाजा आधी थर्माकोलचा केला होता. रंगीत तालमीत शत्रूनं नुसता हात लावला तर दरवाजा, बुरूज आणि किल्लेदार असे तिघंही एकदम आडवे झाले. नाटकाचं नाव बदलावं लागतं की काय असं वाटलं. मग मी शाळेभर नजर फिरवली, तर मुलींच्या बाथरूमचं दार दिसलं. भक्कम, सरळ, मापात. आमचा शिपाई गोविंदा, त्यानं दहा मिनिटांत ते बिजागऱ्यांतून काढून दिलं. चहाचे कागदी कप उलटे चिकटवून त्यावर काळा रंग मारला आणि झाले खिळे. गरज सरो वैद्य मरो असे लोक असतात, मी त्यातला नाही. दारावर आतल्या बाजूनं खडूनं लिहून ठेवलं, 'परत करणे'.

संस्थेचे अध्यक्ष भगवंतराव पहिल्या रांगेत होते. दरवाजा फुटेना तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. भाषणात म्हणाले की असा दरवाजा आपण पाहिला नाही, हे नाटक जिल्ह्याला गेलं पाहिजे.

गोविंदानं विचारलं की दार परत कधी बसवायचं. म्हटलं, रंग तर वाळू दे.

१९ जानेवारी

बुलढाण्याला द्वितीय क्रमांक. प्रथम क्रमांक प्लास्टिकबंदीवरच्या एका रडक्या नाटुकल्याला मिळाला, त्यात एक गाय प्लास्टिक खाऊन मरते आणि मरायला सतरा मिनिटं घेते. परीक्षकांना गाय आवडली, आवडो. पण त्यांनी निकालाच्या आधी नेपथ्याचा, त्यातही दरवाजाचा, नाव घेऊन उल्लेख केला. उकंडराव सर आता शाळेत दरवाजाचा उल्लेख 'आपला द्वितीय क्रमांक' असाच करतात.

भगवंतरावांच्या सूचनेवरून दरवाजा कार्यालयात मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागं उभा केला आहे. मध्यभागी प्रमाणपत्र ठोकलं. सर खुर्चीत बसले की गडाच्या पायरीवर हिशेबनीस बसल्यासारखे दिसतात, पण हे त्यांना सांगायला कोण जाणार?

मुलींच्या बाथरूमला गोविंदानं खताचं पोतं फाडून पडदा बांधला आहे. तेवढंही कोणी सांगितलं नव्हतं. गरीब माणसात कल्पकता असते, हे वाक्य अहवालात घेता येईल.

२४ जानेवारी

मुलींची उपस्थिती घसरली आहे. विशेषतः आठवी आणि नववी. सकाळी येतात त्यातल्या अर्ध्या मधल्या सुट्टीनंतर दिसत नाहीत, आणि काही जणी महिन्यात चार-पाच दिवस सलग गायब. उकंडराव सरांनी कारणमीमांसा मागितली. ती माझ्यासाठी नुसती अहवालाची बाब नाही. आठवी ते दहावीचा पट कमी झाला की शाळेतलं एक पद जातं, आणि ज्येष्ठता यादीत सगळ्यात खाली माझं नाव आहे. मी खासगी कॉलेजात बारा वर्षं घालवून इथं उशिरा लागलो त्याची ही फळं. अतिरिक्त ठरलो की बदली लोणारच्या पलीकडे, आणि मोताळ्याच्या घराला कुलूप.

म्हणून मीमांसा मनापासून केली. कापसाची वेचणी, लग्नसराई, मोबाइल आणि ढासळती मूल्यं, अशी चार कारणं काढली. स्टाफरूममध्ये वाचून दाखवली. मंजुश्री मॅडम, या गणिताच्या, तासिकेवर आहेत आणि जेमतेम पंचविशीच्या. त्या म्हणाल्या, "सर, मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत."

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. खरंच की. पाणी नाही म्हणून अशक्तपणा, अशक्तपणा म्हणून गैरहजेरी. त्या पुढं आणखी काही सांगत होत्या, पण मी तोवर उपक्रमाचं नावही ठरवलं होतं.

३० जानेवारी

'जलघंटा' सुरू झाली. दिवसातून तीन वेळा घंटा होते, सगळे वर्ग बाटल्या वर करतात, मी फोटो काढतो आणि गटशिक्षण कार्यालयाच्या ग्रुपवर टाकतो. तिकडून तीन अंगठे आणि एक हात जोडलेला आला. उकंडराव सरांनी पाठ थोपटली.

मुलं घटाघट पितात. मुली बाटली ओठांना लावून उभ्या राहतात. आज फोटो मोठा करून पाहिला तर दहावीतल्या पुष्पांजलीच्या बाटलीचं झाकणसुद्धा उघडलेलं नाही. ही वर्गाची प्रतिनिधी, गोजरबाई म्हणून भाजीवाली आहे तिची थोरली, अभ्यासात पहिली. हिनंच असं करावं? बोलावून विचारलं तर मान खाली घालून उभी. शेवटी तिला माझ्यासमोर बाटली रिकामी करायला लावली. कधी कधी कठोर व्हावं लागतं.

३ फेब्रुवारी

पुष्पांजली तीन दिवस आली नाही. मोताळ्याच्या दवाखान्यात सलाईन लावलं म्हणतात. लघवीच्या जागी काही जळजळ, ताप. बायकांचं काही असेल म्हणून मी जास्त खोलात गेलो नाही. बोर्डाची परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे आणि या मुलींना प्रकृतीची पर्वा नाही.

६ फेब्रुवारी

आज निरोप समारंभाची बैठक. आमच्याकडं रीत आहे, जाणारी दहावीची तुकडी शाळेला भेटवस्तू देते. आणि भेटवस्तू म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. कार्यालयात आजमितीला एकवीस घड्याळं आहेत, प्रत्येकावर तुकडीचं साल आणि 'सप्रेम भेट'. त्यातली दोन चालतात, आणि त्यांचं आपसांत पटत नाही. पण परंपरा ती परंपरा. मी या वर्षी बाविसावं घड्याळ कुठं टांगायचं याची जागा हेरून ठेवली होती, प्रमाणपत्राच्या डावीकडं.

पुष्पांजली उठली. चेहरा अजून उतरलेला. वर्गानं ठरवलंय म्हणाली, घड्याळ नाही द्यायचं. मुलींच्या बाथरूमला दार द्यायचं.

कार्यालयात असं शांत झालं की त्या दोन घड्याळांचं भांडण ऐकू आलं. मग उकंडराव सरांनी एकेक अडचण मांडली, आणि माणूस एरवी ढिसाळ असला तरी अडचणी मांडण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. एक, दारावर 'सप्रेम भेट' आणि तुकडीचं नाव कसं लिहिणार, त्या जागेला? दोन, भेटीचं अनावरण अध्यक्षांच्या हस्ते होतं, भगवंतरावांना तिथं फीत कापायला न्यायचं का? तीन, जडवस्तू नोंदवहीत बाथरूमचं दार 'अस्तित्वात' असं लिहिलेलं आहे. दार असताना दुसरं दार घेतलं तर तपासणीत उत्तर कोण देणार? मंजुश्री मॅडमनी खुर्चीमागं बोट दाखवलं आणि विचारलं की मग हेच परत का लावत नाही. सर म्हणाले, हे आता ऐतिहासिक आहे, गडाचा दरवाजा तिथं लावला तर गावात भावना दुखावतील. हा मुद्दा मला पटला. कपांचे खिळे मी स्वतः चिकटवले आहेत.

पुष्पांजलीला समजावून सांगितलं की घड्याळ माणसाला वेळेचं महत्त्व शिकवतं. ती म्हणाली, "सर, घड्याळ त आमी रोजच पायतो. घरी कवा जाऊ आन् कवा बाथरूमले जाऊ, येच पायत बसतो दिवसभर. अजून एक लावून काय करू?"

मला तिचा राग आला, आणि थोडं कसंसंही झालं. सरांनी बैठक संपल्याचं जाहीर केलं. घड्याळच ठरलं.

९ फेब्रुवारी

रविवार. जेवताना अनुपमाला बैठकीचा किस्सा रंगवून सांगितला. घड्याळांच्या जागी ती हसली. दाराच्या जागी हसली नाही.

"पन दार तुमीच काढलं ना?" म्हणाली.

मी सांगितलं की काढलं गोविंदानं. मी फक्त सुचवलं होतं. ती म्हणाली, "मंग परत लावायचंबी सुचवा." मी तिला जडवस्तू नोंदवही, भावना आणि द्वितीय क्रमांक हे तिन्ही मुद्दे क्रमानं समजावले. ती ताट घेऊन उठली. नंतर मोरीतून आवाज आला की तिच्या माहेरच्या शाळेतल्या बाथरूमला तर भिंतच नव्हती, म्हणून तिला सातवीतून घरी बसवलं. भांडी जरा जोरातच आपटत होती. बायकांना प्रशासन कळत नाही. पण सातवीचं मला तिनं इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. मी समजत होतो की तिला अभ्यासाची गोडी नव्हती.

१५ फेब्रुवारी

आजचा दिवस माझ्या नोकरीतला सर्वोत्तम म्हणायला हरकत नाही.

समारंभ अकराला. मंडप टाकलेला, भगवंतराव खुर्चीवर, फेटा, नारळ, सगळं जिथल्या तिथं. मुलांना सांगितलं, आणा भेटवस्तू. फाटकातून ट्रॅक्टरची ट्रॉली आत आली आणि ट्रॉलीत दार. नवंकोरं, तपकिरी रंगाचं, आतून कडी. प्रज्वल म्हणून एक विद्यार्थी आहे, त्याच्या वडिलांचं मोताळ्याला फर्निचरचं दुकान. घड्याळाला म्हणून जमवलेलं सगळं या पोरांनी तिकडं नेऊन दिलं होतं. दारावर ना साल, ना नाव, ना सप्रेम भेट. चार मुलांनी ते उचलून थेट व्यासपीठावर आणून उभं केलं.

उकंडराव सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. भगवंतराव विचारायला लागले की हे काय आहे. सर खिशात रुमाल शोधायला लागले. घोडामैदान जवळ आलं की माणसाची पारख होते. मी माइक हातात घेतला आणि म्हणालो, "यंदाच्या तुकडीनं शाळेला वस्तू नाही, विचार दिला आहे. हे आहे ज्ञानाचं द्वार."

टाळ्या. दाराला हार घातला. नारळ फोडला. भगवंतराव म्हणाले की ज्ञानाच्या द्वारातून पहिला प्रवेश आपण करू, आणि दोन मुलांनी धरलेल्या दारातून ते खरोखर वाकून आरपार गेले. फोटो उत्तम आला आहे. पलीकडं गेल्यावर त्यांचं लक्ष कडीकडं गेलं. "कडी आतून काऊन हो?" त्यांनी विचारलं. सर घामाघूम. मी म्हणालो, साहेब, ज्ञानाचं दार माणसाला स्वतःच आतून उघडावं लागतं. त्यावर तर लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

अध्यक्ष इतके भारावले की त्यांनी तिथंच जाहीर केलं, हे दार अध्यक्ष कक्षाला बसेल. अध्यक्ष कक्ष म्हणजे खेळाच्या सामानाची खोली. तिथं एक खुर्ची टाकावी असं त्यांच्या मनात दोन वर्षं होतं, दाराअभावी राहिलं होतं.

पुष्पांजली मंडपामागं भेटली. म्हणाली, "सर, ते दार आमच्यासाठी नव्हतं. आमी त चाललो. आठवीच्या पोरींसाठी होतं." तिची धाकटी बहीण आठवीत आहे. मी म्हटलं, जूनमध्ये अनुदान येईल तेव्हा बघू, धीर धर. तिनं नमस्कार केला आणि गेली.

एक गोष्ट खटकली. दरवर्षी निरोपाला मुली हमसून हमसून रडतात. या तुकडीची एकही मुलगी रडली नाही. संवेदनशीलता कमी होत चालली आहे, यावर अहवालात दोन ओळी टाकाव्या.

१ मार्च

बोर्डाचं केंद्र मोताळ्याला आहे. केंद्रसंचालकांचा फोन आला, जरा चिडूनच. तुमच्या शाळेच्या मुली पेपरला तासभर आधी येतात, पेपर सुटल्यावर अर्धा तास हलत नाहीत आणि सगळ्या बाथरूमकडं घोळक्यानं उभ्या असतात, कॉपीचा काही प्रकार आहे का? त्यांनी भरारी पथकाच्या बाईंना आत पाठवून पाहिलं. काही सापडलं नाही. नळ सोडून पाय धूत होत्या आणि हसत होत्या म्हणे.

मी शाळेच्या वतीनं माफी मागितली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, त्यांच्या स्वतःच्या केंद्रात मुलं भिंतीवर चढून चिठ्ठ्या फेकतात ते यांना दिसत नाही.

८ मार्च

महिला दिन. मुलींनी अध्यक्ष कक्षासमोर रांगोळी काढली, दाराला आंब्याचं तोरण लावलं. भगवंतरावांनी स्त्रीशक्तीवर पंचावन्न मिनिटं भाषण केलं. मग मंजुश्री मॅडमना दोन मिनिटं मनोगत मांडायला सांगितलं. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मुली सकाळी सातपासून बसल्या आहेत. त्यांना घरी जायचं आहे, कशासाठी ते सगळ्यांना माहीत आहे. कार्यक्रम संपवा." आणि खाली बसल्या. गुलाबाचं फूल टेबलावरच राहिलं.

मला मनातून वाटलं की बाई खरं बोलली. पण खरं बोलायची एक वेळ असते, आणि माइक ही ती जागा नव्हे.

१७ मार्च

मंजुश्री मॅडमच्या तासिका बंद केल्या. कारण 'वर्षअखेर'. गणिताचे तास मी घेतो आहे. भूमितीत काही प्रमेयं चांगली आहेत, भाषा मात्र रुक्ष. जाताना मॅडमनी त्यांच्या स्टाफच्या बाथरूमची किल्ली माझ्या हातात दिली. तेव्हा कळलं, की त्या ती जानेवारीपासून गुपचूप मुलींना देत होत्या. मुली दोन-दोन करून जायच्या, एक आत आणि एक बाहेर राखण. मी किल्ली नियमाप्रमाणं उकंडराव सरांकडं जमा केली.

दुसरं काय करायला हवं होतं? किल्ली कार्यालयाचीच आहे.

३० एप्रिल

अहवाल पूर्ण. चोपन्न पानं, त्रेचाळीस उपक्रम, एकशे बारा फोटो. उद्या महाराष्ट्र दिनाला निकालासोबत त्याचं प्रकाशन. काही ओळी इथं उतरवून ठेवतो, कारण त्या मला स्वतःला आवडल्या आहेत.

'जलघंटा उपक्रमामुळे विद्यार्थिनींमध्ये आरोग्यविषयक सजगता निर्माण झाली.' 'दहावीच्या तुकडीने दिलेले ज्ञानाचे द्वार आजही शाळेच्या प्रगतीची साक्ष देत उभे आहे.' 'नाट्यस्पर्धेतील दरवाजा हा शाळेचा मानबिंदू ठरला.'

एका वर्षात एका शाळेला दोन दरवाजांनी इतकं मोठं केलं, हे क्वचितच घडतं. मुलींच्या उपस्थितीचा आकडा मात्र अडुसष्ट टक्के आहे. तो सदतिसाव्या पानावर, खाली, बारीक अक्षरात टाकला. तिथं पोचेपर्यंत कोणी वाचत नाही.

गोविंदा प्रूफं न्यायला आला होता. पोत्याचा पडदा उन्हानं फाटला म्हणाला. दुसरं बांधू का, विचारत होता. म्हटलं, आता सुट्ट्याच लागतात.

२ मे

आज जे झालं ते सगळं लिहितो.

उकंडराव सर एका लग्नाला हिवरा आश्रम गावी गेले होते. कारकून रजेवर. कार्यालयात मी एकटा, निकालपत्रांचे गठ्ठे बांधत होतो. साडेदहाला एक ऑटो फाटकाशी थांबला, मग दुसरा. बाया उतरल्या. पुढं गोजरबाई, मोताळ्याच्या बाजारात भेंडी-गवार विकते ती. मागं अकरा जणी. पुष्पांजलीही होती, धाकटीचा हात धरून.

गोजरबाईनं खुर्ची नाकारली. "दाखला द्या सर, धाकटीचा. मोताळ्याच्या शाळेत टाकून राह्यलो."

मागच्या अकराही दाखल्यालाच आल्या होत्या. आठवीच्या आठ, नववीच्या चार. मी मनात वजाबाकी केली. त्याला गणित यावं लागत नाही. बारा गेल्या की तुकडी मोडते, पद जातं, आणि ज्येष्ठता यादीत सगळ्यात खाली कोण आहे हे मला माहीत आहे.

मी खूप बोललो. जूनमध्ये अनुदान येतं आहे, दार पहिल्या आठवड्यात बसेल, मी स्वतः बसवून घेईन. एसटीनं नऊ किलोमीटर रोज पोरींना पाठवायचं, पावसात, काळजी नाही का वाटत? एवढी चांगली शाळा, द्वितीय क्रमांक. गोजरबाई माझ्या मागच्या दरवाजाकडं बघत होती. चहाचे कप ओळखू आले असावेत तिला, दोन गळून पडले आहेत.

"एसटीची काळजी हाय ना," म्हणाली. "पन तिथं बाथरूमले कडी हाय. पुष्पानं परीक्षेले पाह्यली. घरी येऊन पयलं तेच सांगतलं तिनं, पेपर कसा गेला ते नंतर."

मी दाखल्याचं पुस्तक काढलं आणि लिहायला बसलो. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, वर्तणूक चांगली. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात मी जे सगळे लिहितात ते लिहिलं, आणि तिला वाचता येत नाही म्हणून वाचून दाखवलं, 'पालकांच्या विनंतीवरून'.

गोजरबाई म्हणाली, "म्या कवा विनंती केली तुमाले? विनंती त माह्या पोरीनं केली होती. दार घेऊन आली होती विनंती करत. तुमी टाळ्या वाजवल्या."

तिचा आवाज चढला नव्हता. भाव सांगावा तसं सांगितलं. पुष्पांजली खाली बघत होती, आणि मला वाटलं की तिला माझी लाज वाटते आहे. मुलांना आपल्या सरांची लाज वाटते तेव्हा ती खाली बघतात. मला माझी वाटत होती की नाही ते त्या वेळी कळलं नाही. मी म्हणालो, बाई, हे नियमातलं वाक्य आहे, दुसरं लिहिलं तर तिकडची शाळा दाखला घेणार नाही.

"मंग लिहा," ती म्हणाली. "तुमाले जे लिहिता येते ते लिहा."

बारा दाखले लिहिले. बारा वेळा 'पालकांच्या विनंतीवरून'. माझं अक्षर कधी बिघडत नाही, ते शेवटी शेवटी बिघडलं. सह्यांसाठी उद्या यायला सांगितलं. ऑटो गेले तेव्हा सव्वा वाजला होता.

संध्याकाळी उकंडराव सरांचा फोन आला. मागं बँड वाजत होता. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, सर, माझं पद गेलं. ते हळहळले, मनापासून हळहळले. मग म्हणाले की एका परीनं बरंच झालं म्हणायचं. या बारा जणी जानेवारीपासून जवळजवळ आल्याच नव्हत्या, त्यांनीच तर टक्केवारी खाली ओढली होती. पटावरून त्या कमी करून उरलेल्यांचा हिशेब मांडा. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं अहवालाची प्रत सोमवारी जायची आहे, तेवढं एक पान बदलून टाका. जाता जाता चांगलं काम करून जा, किसनराव.

अनुपमानं ताट वाढलं होतं. मी ते तसंच बाजूला सारलं. काय झालं म्हणून तिनं दोनदा विचारलं. मी सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं तर तिचं सातवीचं वर्ष आठवलं, आणि तोंड मिटलं.

मग सदतिसावं पान नव्यानं लिहायला घेतलं. 'मुलींची उपस्थिती: एक्क्याण्णव टक्के. मागील वर्षांच्या तुलनेत लक्षणीय वाढ.' दोनदा भागाकार करून पाहिला. आकडा बरोबर आहे.